रुमाल टाकलेली जागा

मी चेहरे पाहत नाही.
माझ्याकडं येतात ती तोंडं,
गुलाबी मापात उलटी उमटलेली,
ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घातलेली.
डब्यावर चिठ्ठी: आम्रपाली खिल्लारे, वय सहा,
बोरी, ता. जिंतूर.

परभणीच्या उन्हात माप बघता बघता आकसतं.
म्हणून काझी मॅडमचा कंपाउंडर
नानलपेठेतून सायकल हाणत येतो
आणि मी हातातली भाकरी ठेवून
प्लास्टर कालवायला घेतो.
बोअरचं पाणी जड, घाईनं धरतं.

खालची डावी बाजू. एक दाढ नाही.
दुधाची होती, किडली, काढावी लागली.
तिची आई म्हणाली म्हणे,
"दुधाचीच व्हती ना मॅडम, पडणारच व्हती.
मग हे तारंचं कडं कामून?"
मॅडमनी विचारलं,
"जिंतूरच्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकता का नाही?"
"टाकते की."
"त्या रुमालाला कुठं बसायचं असतं?"

मी ते कडं घडवलं.
मागच्या दाढेला पट्टी, पुढं तारेचा वळसा,
मधे काहीच नाही.
ते काहीच नाही सांभाळायचं होतं पाच वर्षं.

देगावकर सर नांदेडहून येतात, एक आड एक गुरुवारी,
गाडी वेळेवर असली तर साडेदहाला.
काझी मॅडम दुधाचे दात बघतात,
सर वाकडे.
केसपेपर मात्र एकच.
मॅडमचं अक्षर गोल, हिरव्या शाईचं.
सरांचं तिरकं, परतीच्या गाडीकडं झुकलेलं.
*जागा धरली आहे. आपण पाहावे.*
*पाहिले. घाई नको.*
*वरचा पुढचा दात आत येतो आहे.*
*आता घाई.*

एकदा भांडले, माझ्याच टेबलाशी.
पोरगी नऊची.
सर म्हणाले, तारा आत्ताच लावू, जबडा ऐकतोय.
मॅडम म्हणाल्या, जबडा ऐकतोय, लेकरू नाही.
खुर्ची मागं झुकली की अजून माझं मनगट धरतं.
सर बोलले नाहीत.
वरचं प्लास्टर खालच्यावर ठेवून
चावून पाहिलं, परत चावून पाहिलं.
"दोन गुरुवार द्या," मॅडम म्हणाल्या.

चार लागले.
चारही गुरुवारी सरांनी तारेला हात लावला नाही,
नुसता आरसा दिला तिच्या हातात,
आणि मॅडम शेजारी स्टुलावर,
स्वतःचे पेशंट बाहेर बसवून.
याचं बिल झालं नाही. केसपेपरवर नोंद नाही.
मला कंपाउंडरनं सांगितलं.

मग दीड वर्ष ती आलीच नाही.
सर दर खेपेला विचारायचे, बोरीचं काय?
शेवटी मॅडमनी शाळेत फोन लावला,
हेडमास्तरांना कड्याचं महत्त्व
अर्धा तास समजावून सांगितलं.
ते म्हणाले, मला वाटलं कानातलं.

परवा दुपारी दारात एक मुलगी.
"माझे जुने दात तुमच्याकडं आहेत म्हणे."
मी ओळखलं नाही.
हसली, तेव्हा ओळखलं:
उजवा सुळा किंचित वळलेला.
केसपेपरवर हिरव्या शाईत, *हा राहू द्यावा का?*
खाली तिरकं, *राहू द्या. तिचा आहे.*

फळीवरून सहा तोंडं काढून दिली.
तिनं पहिलंच उचललं,
रिकाम्या जागेत करंगळी घातली,
बरोबर बसली.
"इथं काय होतं?"
"दाढ येणार होती."
"आली ना," ती म्हणाली,
आणि गाल ओढून दाखवली.

"हे एक नेऊ?"
"ने. बाकीची राहू दे,
नव्या लेकरांना दाखवावी लागतात."
तिनं दप्तरातून रुमाल काढला,
दोन पदरी गुंडाळलं, गाठ मारली.

तीन पाचची जिंतूर गाडी.
खिडकीतून टाकायला आज
तिच्याकडं काही नव्हतं.
उभीच गेली असेल.